तीन मात्रा

खानापूर स्टँडच्या मागल्या अंगाला माझं दुकान.
सहा बाय नऊ. पत्र्याचे तीन डबे, एक काटा,
आणि वडिलांच्या वेळची पाटी :
साजूक तूप मिळेल.
त्यातलं ‘मिळेल’ कधीचंच उडालंय.
गिऱ्हाइकाला ते तसंही कळतं.

पंचायतीचा माणूस नोटीस देऊन गेला.
वर कन्नड, मोठं. खाली तुमचं, बारीक.
सही घेतली, पाव किलो नेलं.
पैसे दिले त्यानं, खोटं कशाला बोलू.

मग मौनेश चित्रगार आला, नंदगडहून,
सायकलीला शिडी आडवी बांधून.
“वर काय लिवू, मालक?”
“तुप्प.”
“आनि खाली?”
“तूप.”
ब्रश दातांत धरून हसला.
“येकच की वो ते.
येकाच मालाचं दोनदा पैसं घेऊ व्हय?”

त्या रात्री मुलीचा जुना कोश काढला,
पाठ उसवलेला, झुरळांनी चाटलेला.
तूप. पुढं कंसात एक क,
एक टिंब, आणि तुप्प.
संपलं.
तीन पिढ्यांचं दुकान
एका टिंबाच्या अलीकडं-पलीकडं.

वडील सीमेसाठी हिंडलग्याच्या तुरुंगात होते, दोन महिने.
सुटून आल्यावर भेटेल त्याला सांगायचे :
सगळं सोसलं,
पण वरणावर तुपाचा थेंब नव्हता हो.
तूपच म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?
घृत म्हणावं तर ते भटजींच्या पळीतून
होमात पडलं ते पडलंच,
स्वाहा झालं.
घी उत्तरेकडं निघून गेलं.
आमच्या भाताच्या मुदीवर राहिलं ते हेच,
कुणा शेजारणीनं कधीतरी
कुंपणावरून वाटीत घालून दिलेलं.
वाटी परत गेली असेल. रिकामी देत नाहीत म्हणून
तिच्यात काय घातलं असेल आपण?
कोशात तेवढं नाही.

शाळेत हलगेकर मास्तरांनी मात्रा मोजायला शिकवल्या होत्या,
छडीनं, बाकावर टक टक.
मोजून बघितल्या अंथरुणात, बोटांवर.
तुप्प : जोडाक्षराआधीचा तु जड, दोन. प्प एक.
तूप : दीर्घ तू, दोन. प एक.
इकडं येताना घाटात एक प सांडला असणार,
त्याची भरपाई उकारानं केली,
अंग लांबवून.
काटा सरळ. तीनला तीन.
आमच्या धंद्यात एवढं चोख माप
मी क्वचित बघितलंय.

दुसऱ्या दिवशी भागू झोरे आली जंगलातून,
वाड्यावरनं, डोक्यावर किटली.
वर तोंड करून ओली पाटी बघितली.
“काय लिवलंया?”
“तू आणतीस त्येच.”
“माल?”
“माल.”
मान हलवून तिनं झाकण काढलं.
हिवाळ्याचं तूप, रवाळ, पिवळं,
तळाशी विड्याच्या पानाचा करपलेला तुकडा.
म्हशी काय खात्यात ते वासावरनं कळतं मला.
कोणती भाषा, ते नाही कळत.

वजन करता करता वर बघतो
तर मौनेशनं वरचं झकास काढलेलं,
वळणदार, हातभर,
आणि खाली माझ्या वाट्याच्या फुटभर जागेत
घाईघाईनं : तुप.

“मौनेश!”
“काय झालं वो?”
“उकार ऱ्हस्व काढलायस.”
“कोन बघतंय?”
“मापात मारलंस की लेका!
प एक आधीच कमी,
त्यात उकार बी बारका.
दोनच मात्रा भरल्या.
हे ना त्यांचं झालं, ना आमचं.”

त्याला मात्रा कळल्या नाहीत, मार कळला.
पुटपुटत परत शिडी चढला,
चिंधीनं डावीकडची शेपूट पुसली,
उजवीकडं ओढली, जरा जास्तच लांब,
पार चौकटीच्या बाहेर.
लाल रंगाचा एक ओघळ
भागूच्या किटलीच्या झाकणावर पडला.
“पुसू नगंस,” ती म्हणाली,
“खूण ऱ्हाऊ दे. आमच्यात समद्या किटल्या सारख्याच.”